धंदा टिकवायचा तर आधार जपा : ठिबक, अजिंठा आणि आपला लांडोर बंगला

'शाश्वत विकास' हा शब्द आज प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीत दिसतो. तो खरा केव्हा मानायचा? आम्ही एकच कसोटी लावतो : धंदा ज्यावर उभा आहे, ते धंद्यामुळे टिकते की संपते?

जळगावची जैन इरिगेशन ठिबक सिंचनाचे साहित्य बनवते. ठिबकने पाणी थेट केळीच्या मुळाशी जाते, वाया कमी जाते. इथे पाण्याची बचत हे दानधर्माचे काम नाही. विकायचा माल तोच आहे. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लावली, तर भूजलाचा उपसा कमी होत नाही. साधन चांगले असले तरी ते कसे वापरतो, हेही पाहावे लागते.

पर्यटनाचे उदाहरण जळगावजवळच्या अजिंठ्याचे. १९८३ पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत. गर्दीच्या श्वासातील ओलावा आणि गाड्यांचा धूर भित्तिचित्रांना घातक. म्हणून खासगी गाड्या फर्दापूर फाट्यावरच थांबतात. पुढे बसने जायचे. कारण चित्रे गेली, तर हॉटेलवाल्यापासून गाइडपर्यंत सर्वांची रोजी जाते.

आता स्वतःकडे पाहू. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात १९३७ साली बाबासाहेब मुक्कामी होते. ३१ जुलैच्या भीमस्मृती यात्रेला आपण तिथे जमतो. त्या जंगलात प्लास्टिक टाकून परतलो, तर कंपन्यांना जाब विचारायचा कोणत्या तोंडाने? यंदा पाण्याची बाटली आणि कचऱ्याची पिशवी घरूनच नेऊ. खाण्याचे स्टॉल आसपासच्या गावांतील महिला बचत गटांना मिळावेत, असा आग्रह धरू.