सवलतीचे तिकीट आणि गाडीची पायरी

पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील दोन गावांना रेल्वे तशी उशिराच मिळाली. पनवेलहून आपट्यापर्यंत आलेला मार्ग रोह्यापर्यंत यायला १९८६ साल उजाडले. तोपर्यंत एस.टी. हाच काय तो सर्वसामान्यांचा आधार होता. पुढे २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मध्य रेल्वे संपते व कोकण रेल्वे सुरू होते ते ठिकाण म्हणून रोह्याचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. आज जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा या स्थानकांवरून विद्यार्थी, कामगार, भाजीवाल्या बाया, दवाखान्याला निघालेले रुग्ण असे सगळे प्रवास करतात. परंतु ज्याच्या पायांत बळ नाही, ज्याला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, अशा आपल्या बांधवांना ही रेल्वे कितपत उपयोगी पडते, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. "त्यांना तिकिटात सवलत असते ना!" एवढे बोलून आपण मोकळे होतो. ही सवलत नेमकी काय आहे आणि सवलत मिळूनही प्रवास का अडतो, याची माहिती वाचकांना व्हावी म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा थोडा खुलासा. सरकारी कागदपत्रांत आता 'अपंग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. अर्ज करताना तोच शब्द वापरावा, म्हणजे खिडकीवर वाद होत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. मात्र रेल्वेची दिव्यांग सवलत या २१ पैकी सर्वांना मिळत नाही, आणि खरा घोटाळा इथेच होतो.

ही सवलत चार गटांना आहे. पहिला गट अस्थिव्यंग असलेल्यांचा, पण सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाहीत अशांचाच. दुसरा पूर्णपणे दृष्टिहीन व्यक्तींचा. तिसरा मतिमंद व्यक्तींचा, ज्या सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाहीत. चौथा गट मूकबधिरांचा, पण ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही व्यंगे एकाच व्यक्तीत असली पाहिजेत. पहिल्या तीन गटांना द्वितीय वर्ग, शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत मूळ भाड्यात ७५ टक्के सूट मिळते, तर वातानुकूलित प्रथम आणि द्वितीय श्रेणीत ५० टक्के. मूकबधिरांना द्वितीय वर्ग व शयनयानात ५० टक्के आहे. मासिक पासावरही ५० टक्के सूट आहे. सोबत्यालाही तेवढीच सूट मिळते. (कर्करोग, थॅलेसेमिया, हिमोफिलिया अशा काही आजारांच्या रुग्णांसाठी सवलती आहेत, पण त्यांचे नियम वेगळे.) मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली, तेव्हा अपंगांचीही गेली असा अनेकांचा समज झाला. तो चुकीचा आहे. अपंगांची सवलत चालूच राहिली.

हिशेब असा. मूळ भाडे ४०० रुपये असेल, तर अपंग प्रवाशाला १०० आणि सोबत्याला १०० असे दोघांना मिळून २०० रुपये पडतात. म्हणजे धडधाकट माणसाच्या एका तिकिटाच्या निम्म्या पैशांत दोघे जातात. आरक्षण शुल्क आणि अतिजलद गाडीचा अधिभार मात्र पूर्ण द्यावा लागतो, त्यामुळे खिडकीवर रक्कम थोडी जास्त सांगितली तर बाबूने फसवले असे समजू नये.

आता "सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही" या अटीकडे पाहा. एका पायाला पोलिओ झालेला, काठीच्या आधाराने चालणारा तरुण. त्याच्याकडे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे, एस.टी.त त्याला सवलत मिळते. तो एकटा नोकरीला जातो याचे आपल्याला कौतुक असते. पण रेल्वेच्या नमुन्यात डॉक्टरांनी त्याच्याबद्दल "सोबत्याशिवाय प्रवास अशक्य" असे लिहिल्याखेरीज सवलत नाही. स्वतःच्या पायावर उभे राहण्याची धडपड करणाऱ्यालाच वगळणारी ही अट मला कधीच पटलेली नाही. पण आज नियम तसा आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे खिडकीवरून अपमानित होऊन परतणारे पुष्कळ आहेत.

कागदपत्रांचे म्हणाल तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र २०२१ पासून यूडीआयडी या ऑनलाइन व्यवस्थेतूनच मिळते. तपासणीसाठी आपल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणजे अलिबागचे जिल्हा रुग्णालय. पेणहून अलिबागच्या बाजूला थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ गेलेले आहेत, पण ते मालगाडीसाठी! अपंग माणसाला अलिबागला जायचे ते एस.टी.नेच. प्रमाणपत्रानंतर रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात सरकारी डॉक्टरांची सही-शिक्का घ्यायचा आणि त्यावरून रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र काढायचे. पेण-रोहा हा भाग मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येतो. पूर्वी या कामासाठी मुंबईला खेटे घालावे लागत, आता अर्ज ऑनलाइन करता येतो. या ओळखपत्राचा मोठा फायदा असा की त्यावरील क्रमांक घालून घरबसल्या सवलतीचे आरक्षण होते. प्रवासात मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, झेरॉक्स चालत नाही. लांबच्या गाड्यांत राखीव जागाही असतात. २०२३ च्या आदेशाप्रमाणे शयनयान वर्गात अपंग व सोबती यांच्यासाठी ४ बर्थ आहेत, २ खालचे आणि २ मधले.

इथपर्यंतचे सारे कागदावर होते. आता फलाटावर येऊ.

समजा पेणची एक मुलगी पायाला कॅलिपर लावून, कुबडीच्या आधाराने चालते आणि पनवेलच्या महाविद्यालयात जाते. मासिक पास तिने अर्ध्या पैशांत काढला आहे. गाडी येते. भारतीय रेल्वेच्या नियमाप्रमाणे उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर असतो. डब्याची जमीन मात्र रुळापासून साधारण सव्वा मीटरवर, काही डब्यांत त्याहून थोडी वर असते. म्हणजे चांगल्या फलाटावरूनही ४० ते ५० सेंटिमीटर चढायचे आहे. घरातल्या जिन्याच्या पायरीच्या जवळजवळ तिप्पट! मधे लोखंडी पायरी असते, पण ती अरुंद आणि दाराच्या आत दबलेली. फलाट कमी उंचीचा असेल तर तो साडेपंचेचाळीस सेंटिमीटरचा, मग चढण ८० सेंटिमीटरची होते. आणि फलाट रुळांच्या पातळीचा असेल तर ती अख्खी सव्वा मीटर. गाडी थांबते मिनिट-दोन मिनिटे. त्यात मागून रेटा. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर ही पायरी म्हणजे भिंतच.

ही फट आणि ही उंची काय करू शकते ते २०१४ च्या जानेवारीत सर्व महाराष्ट्राने पाहिले. मोनिका मोरे ही कॉलेजात शिकणारी मुलगी घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना फलाट आणि गाडी यांमधल्या पोकळीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न धसास लागला आणि उपनगरी स्थानकांचे फलाट ९० सेंटिमीटरच्या आसपास उंच करण्याचे काम जोरात सुरू झाले. मोनिकाला २०२० साली हातांचे प्रत्यारोपण लाभले. इथे सांगायचे ते इतकेच की सकाळी धडधाकट असलेली मुलगी याच पायरीने अपंग झाली. तेव्हा फलाटाची उंची हा फक्त अपंगांचा प्रश्न आहे, असे मानून चालणार नाही. गरोदर बाई, म्हातारी आजी, गणपतीच्या मूर्तीची पेटी उचलून चढणारा कारागीर, सगळ्यांचा पाय त्याच पायरीवर पडतो.

दुसरा अडथळा पुलाचा. पनवेल-रोहा मार्ग पूर्वी एकेरी होता, आता दुहेरी आणि विजेचा झाला. रोह्यापुढे वीरपर्यंतचे दुपदरीकरणही २०२१ मध्ये पूर्ण झाले. गाड्या वाढल्या, ही आनंदाची गोष्ट. पण मार्ग दुहेरी झाला की जाणारी गाडी एका फलाटावर आणि येणारी दुसऱ्या फलाटावर लागते, आणि रोज एकदा तरी पूल ओलांडणे नशिबी येते. विजेच्या तारांमुळे पादचारी पूल रुळापासून सहा मीटरांहून उंच बांधावा लागतो. फलाटापासून मोजले तरी साडेपाच मीटर चढ. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ फुटाला १२ फूट लांबी या प्रमाणात असावा असा दंडक आहे. त्या हिशेबाने निव्वळ उताराची लांबी ६६ मीटर होते, आणि मधे विसाव्याच्या सपाट जागा धरल्या तर आणखी जास्त. म्हणून लहान जागेत उताराऐवजी लिफ्ट हाच व्यवहार्य उपाय ठरतो. जिथे लिफ्ट नाही किंवा बंद आहे, तिथे अपंग माणूस फलाटाच्या टोकाला उतरून रूळ ओलांडतो. हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळ तर आहेच. दिव्याला उतरून लोकल पकडणाऱ्याला किंवा पनवेलला उतरून हार्बरच्या फलाटाकडे जाणाऱ्याला हा पुलाचा फेरा पुन्हा पडतो.

अपंगांसाठी वेगळा डबा असतो हे खरे. लांबच्या अनेक गाड्यांत गार्डच्या डब्याला जोडूनच रुंद दाराचा, आधाराचे दांडे लावलेल्या शौचालयाचा कप्पा असतो. पण तो गाडीच्या टोकाला असतो. बावीस डब्यांची गाडी अर्धा किलोमीटर लांब असते. तो डबा पुढे येणार की मागे, हे आधी कळले नाही तर कुबडीवरच्या माणसाने मिनिटभरात तिथे पोचायचे कसे? यावर उपाय साधा आहे. गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशन मास्तरांना भेटून डब्याची जागा विचारावी, स्थानकावरील चाकाची खुर्ची मागून घ्यावी. आपल्याकडे लोक साहेबाला विचारायला बिचकतात. बिचकू नये. आणि राखीव डब्यात धडधाकट मंडळी घुसून बसली असतील तर कलम १५५ प्रमाणे त्यांना ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १३९ या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते.

उचलून चढवणे हा उपाय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या मुंबईच्या विराली मोदी यांनी २०१७ मध्ये जाहीर याचिका काढली. गाडीत चढवताना हमालांकडून आपल्याशी गैरवर्तन झाल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. लाखो बायका जे मनात दाबून ठेवतात ते त्या बोलल्या. त्यानंतर केरळात एर्नाकुलम स्थानकावर उचलून नेता येणारा उतार आणि डब्याच्या बोळातून जाईल अशी अरुंद खुर्ची ठेवण्यात आली. इंग्लंड-जपानकडे स्थानकाचा कर्मचारी असाच घडीचा उतार दाराला लावतो आणि प्रवासी स्वतः खुर्ची ढकलत आत जातो. यात कोट्यवधींचा खर्च नाही. एक उतार आणि तो लावणारा एक माणूस लागतो.

दृष्टिहीनांसाठी फलाटावर पिवळ्या खडबडीत फरशा बसवतात. लांबट उंचवट्यांची फरशी म्हणजे "चला" आणि गोल टिपक्यांची म्हणजे "थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे". या फरशांवर आपण सामान ठेवतो, टपरीचे बाकडे मांडतो. आयत्या वेळी फलाट बदलल्याची घोषणा होते तेव्हा आंधळ्याची आणि बहिऱ्याची दोघांचीही तारांबळ उडते. एकाला घोषणा कळते पण वाट सापडत नाही, दुसऱ्याला वाट दिसते पण घोषणा कळत नाही.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या कायद्यात रेल्वेचे डबे सुलभ करा असे होते, पण "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" ही पळवाट ठेवली होती. २०१६ च्या कायद्याच्या कलम ४१ मध्ये स्थानके व गाड्या सुलभ करण्याचे कर्तव्य स्पष्ट सांगितले आहे. तरीही नियमांचे स्वरूप शिफारशीसारखे राहिले. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ पासून चालवलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. सुलभतेचे किमान निकष बंधनकारकच असले पाहिजेत, नुसत्या सूचना चालणार नाहीत, असे त्यात ठरले. त्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. रेल्वेच्या स्वतःच्या यादीतही प्रवेशाला उतार, वाहनासाठी राखीव जागा, न घसरणारी वाट, जमिनीवरील एक शौचालय, हाताला येईल असा पाण्याचा नळ आणि चौकशी कक्ष या गोष्टी अपंगांसाठी लिहिलेल्या आहेत. आपल्या स्थानकावर त्यांपैकी काय आहे आणि काय नाही, हे कोणीही अर्ध्या तासात पाहून लिहून काढू शकतो.

तसे लिहून काढल्यावर अर्ज मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या विभागीय व्यवस्थापकांच्या नावे करावा. "गैरसोय होते" एवढेच लिहू नये. फलाट क्रमांक, उंची सेंटिमीटरमध्ये, गाडीचा क्रमांक, तारीख आणि नेमकी मागणी लिहावी. दाद लागली नाही तर रेल्वे केंद्राची असल्यामुळे नवी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार जाते. पुण्याचे राज्य आयुक्तालय एस.टी. आणि राज्याच्या कचेऱ्यांसाठी आहे, हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर अर्ज वर्षभर इकडून तिकडे फिरतो. बँकेच्या खिडकीमागे आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याची एक सूचना आहे. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून तारखेचा शिक्का व सही घेतल्याशिवाय कचेरीच्या बाहेर पडू नये.