मुंबई इलाख्याचा समुद्रापारचा जिल्हा

बहरीनची राजधानी मनामाच्या दक्षिण अंगाला, तुबलीच्या खाडीजवळ उम्म अल हस्सम ही वस्ती आहे. शंभर वर्षांपूर्वी बहरीनच्या बेटावर एखाद्या भारतीयाने चोरी केली, तर त्याच्यावर खटला चालायचा तो मेकॉलेच्या भारतीय दंड संहितेखाली. 1913 सालची ब्रिटिश राजाज्ञा 1919 मध्ये इथे लागू झाली आणि कायद्यापुरते बहरीन हा मुंबई इलाख्यातला एक जिल्हा मानला गेला. ब्रिटिशांचा पोलिटिकल एजंट हाच जिल्हा दंडाधिकारी, हाच सत्र न्यायाधीश. बहरीनच्या शेखांच्या प्रजेवर मात्र शेखांचा अंमल. वादात दोन्हीकडची माणसे असली की संयुक्त न्यायालय बसे, आणि मोत्यांसाठी बुड्या मारण्याच्या धंद्यातले कर्जाचे तंटे ‘सालिफा’ या जुन्या पंचायतीकडे जात. एकाच बाजारपेठेत माणूस कोणाची प्रजा, यावरून कायदा बदलत होता.

या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली ती बहरीनबाहेर, दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनावर. 1956 च्या डिसेंबरात अब्दुलरहमान अल बाकिर, अब्दुलअझीझ शमलान आणि अब्दअली अल अलैवात या राजकीय चळवळीच्या नेत्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रिटिश युद्धनौकेतून त्यांना नेपोलियनच्या त्या बेटावर धाडण्यात आले. आधार घेतला 1869 च्या वसाहती कैद्यांच्या कायद्याचा. गंमत अशी, की खटला उभा राहण्याआधीच पाठवणीची तयारी सुरू होती! 1960 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बाकिर यांचा अर्ज फेटाळला. पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, सेंट हेलेनाच्या न्यायालयाने ही कैद बेकायदा ठरवून तिघांना सोडले. एवढ्याशा बेटावरच्या न्यायालयाने साम्राज्याची कागदपत्रे उलटून तपासली, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते. 1971 मध्ये बहरीनमधला ब्रिटिश न्यायाधिकार संपला.

दरम्यान भारतातली न्यायालयेही आपला हात कुठवर पोचतो, ते ठरवत होती. 1951 मध्ये पोर्तुगीज गोव्यात तांदळाचा तुटवडा होता. कराचीच्या मुबारक अली अहमद याने पत्रे, तारा आणि फोनवरून तांदूळ देण्याची हमी दिली. गोव्याच्या व्यापाऱ्याचे साडेपाच लाखांच्या आसपास रुपये मुंबईत चुकते झाले; तांदूळ आलाच नाही. ‘मी तर कराचीत होतो, शिवाय पाकिस्तानी नागरिक’ हा त्याचा बचाव 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. फसवणूक मुंबईत पुरी झाली, तेव्हा आरोपीचे शरीर कुठे होते हा प्रश्नच उरत नाही.

विवाहाच्या बाबतीत न्यायालयाने उलट बाजूने दार अडवले. वाय. नरसिंह राव खटल्यात (1991) अमेरिकेतल्या मिसुरीचा घटस्फोट अमान्य करताना न्या. पी. बी. सावंत यांनी नियम घालून दिला: विवाह ज्या कायद्याखाली झाला, त्यातलेच कारण हवे आणि तो कायदा मानतो त्याच न्यायालयाचा अधिकार. अपवाद मोजकेच. प्रतिवादी त्याच देशात कायम राहत असेल, किंवा आपणहून हजर राहून खटला लढला असेल, आणि घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यात बसत असेल, तर तो निकाल चालतो. दोघांच्या संमतीचा घटस्फोटही चालतो. म्हणून हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्या उम्म अल हस्समच्या नवऱ्याने मनामात एकतर्फी निकाल मिळवला आणि बायको साताऱ्यात असली, तर तो कागद साताऱ्यात बहुधा टिकणार नाही.

पैशांच्या हुकूमनाम्याचे आणखी निराळे. जानेवारी 2020 मध्ये केंद्राने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खालच्या देशांच्या यादीत आणले. तिथल्या वरिष्ठ न्यायालयांच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपल्या जिल्हा न्यायालयात थेट मागता येते. त्या यादीत बहरीन नाही. मनामातला धनको ठाण्यात आला, तर त्याला तो हुकूमनामा पुरावा म्हणून जोडून तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो.