लेन्सचा संसार मोडताना

पैठण रस्त्याने चितेगाव मागे पडले की छत्रपती संभाजीनगरच्या पक्षीवेड्यांना नाथसागराचे वेध लागतात. हिवाळ्यात जायकवाडीच्या उथळ कडांवर रोहित, पट्टकादंब आणि करकोचे उतरतात. 1986 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळालेल्या या जलाशयाने मराठवाड्यातल्या कितीतरी नोकरदारांच्या हाती कॅमेरा दिला. आठवडाभर कारखाना किंवा कार्यालय, आणि रविवारी पहाटे पाणकाठ. कुणाची बॉडी दिवाळीच्या बोनसमधून आली, कुणाची लेन्स हप्त्यांवर. वर्षानुवर्षे असा जमवलेला संच आता ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न यातल्या अनेकांपुढे आहे.

नुसता कॅमेरा विकण्याएवढे ते सोपे नाही. बॉडी आणि लेन्स जिथे जोडल्या जातात त्या धातूच्या कड्याला माउंट म्हणतात, आणि खरी गाठ तिथे बसलेली असते. निकॉनचा एफ माउंट 1959 पासून चालत आला, कॅननचा ईएफ 1987 पासून. एकाची लेन्स दुसऱ्याच्या बॉडीवर थेट बसत नाही. बॉडी जुनी झाली की बदलता येते, पण चार लेन्स जमल्या की माणूस त्या कंपनीच्या घरचाच होतो.

2018 मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ असे मिररलेस कॅमेऱ्यांसाठीचे नवे माउंट आणले. जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांमध्ये सेन्सरपुढे आरसा असतो आणि त्याला वरखाली व्हायला जागा लागते. त्यामुळे माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर कॅननच्या ईएफमध्ये 44 मिलिमीटर आणि निकॉनच्या एफमध्ये 46.5 मिलिमीटर ठेवावे लागले. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून ते अनुक्रमे 20 आणि 16 वर आले. जुन्या लेन्स अडॅप्टर लावून चालतात, पण सगळ्याच पूर्ण क्षमतेने नाही. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असते. कंपनीच्या झेड अडॅप्टरवर या लेन्स बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो.

नव्याचे फायदे मात्र खरे आहेत, विशेषतः पक्ष्यांसाठी. यातले बरेच कॅमेरे उडत्या पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरतात. शटर आवाजाविना चालवता येते, त्यामुळे शांत पाण्यावर आरशाच्या ‘खटॅक’ने थवा बिचकत नाही. ज्याला परवडते त्याने बदल करावा, यात बेइमानी कसली?

तरीही जीव अडकतो, आणि तो बोटांमध्ये अडकतो. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसवायची, त्याच्या उलट दिशेने कॅननची बसते. दोघांच्या झूमच्या कड्याही सहसा उलट फिरतात. दहा वर्षे एकच संच वापरलेला माणूस डोळा न हटवता अंगठ्याने बटण शोधतो, रबराचा कुठला भाग झिजून गुळगुळीत झाला आहे हे त्याला स्पर्शाने कळते. कंपनी बदलली की ऐन मोक्याला, समोरून चक्रवाक उठत असताना, झूम नेमका उलटा फिरतो. हाताची ही शिकवण विक्रीच्या भावात धरता येत नाही.

अशी ताटातूट पूर्वीही झाली आहे. 1987 मध्ये कॅननने ईएफ आणला तेव्हा आधीच्या एफडी लेन्स नव्या ऑटोफोकस बॉडीवर चालेनात आणि अनेक निष्ठावंत दुखावले. त्या लेन्स 42 मिलिमीटर अंतरासाठी बनलेल्या होत्या. 44 च्या बॉडीवर साध्या कड्याने त्या दूरचे दृश्य स्पष्ट करू शकत नव्हत्या. 20 मिलिमीटरच्या मिररलेसवर मात्र त्याच लेन्स स्वस्त अडॅप्टरवर उत्तम चालतात, फक्त फोकस हाताने करायचा. म्हणूनच घरातली जुनी हाताने फोकस होणारी लेन्स पडेल त्या भावात देण्याची घाई करू नये.

कधी कंपनीच निरोप घेते. ऑलिम्पसने जून 2020 मध्ये कॅमेरा व्यवसाय सोडण्याचे जाहीर केले आणि 2021 च्या आरंभी तो ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे गेला. कोडॅकने 2009 मध्ये कोडाक्रोम फिल्म बंद केली, तेव्हा शेवटच्या रोलांपैकी एक छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांच्याकडे गेला. त्यातल्या 36 फ्रेमपैकी काही त्यांनी भारतात, मुंबईत आणि राजस्थानच्या रबारी लोकांमध्ये, घेतल्या. तो रोल धुण्यासाठी ते अमेरिकेतल्या पार्सन्स गावच्या प्रयोगशाळेत स्वतः गेले.

विकायचे ठरलेच तर काही गोष्टी निगुतीने कराव्यात. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघावी. मराठवाड्याची कोरडी हवा यात कोकणापेक्षा दयाळू, पण पावसाळ्यात बॅगेत कोंडलेली लेन्स इथेही बिघडते. शटर किती वेळा उघडले तो आकडा गिऱ्हाइकाला खरा सांगावा. मेनूमध्ये कॉपीराइटखाली आपले नाव भरलेले असेल तर ते पुसावे. एकेक अक्षर खोडताना हात थबकतो, पण ते राहिले तर उद्या दुसऱ्याच्या प्रत्येक फोटोत आपलेच नाव जाईल.

आणि शक्यतो गावातच, शिकणाऱ्या मुलाला द्यावे. कॅननची 2014 ची सेव्हन डी मार्क टू सेकंदाला 10 फ्रेम घेते. तिच्यासोबत शोभणारी 1993 ची 400 मिलिमीटर एफ/5.6 लेन्स सव्वा किलोची आहे. नाथसागराच्या लख्ख हिवाळी उन्हात उडते पक्षी टिपायला ही जोडी आजही पुरते. पहिल्या रविवारी विकणाऱ्याने सोबत जाऊन शटरचा वेग किती ठेवायचा आणि फोकसची कुठली सेटिंग निवडायची एवढे दाखवले, तर घेणाऱ्याचा पुढचा सगळा हंगाम सुकर होतो.