जुन्या कपड्यांना खोली, शिध्याला कोठी

ऑक्टोबर छाटणी झाली की विंचूरच्या आसपासच्या द्राक्षबागांत सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या कामाला येतात. पुढे थंडी वाढते आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, याची बातमी राज्यभर जाते. बागेच्या कडेला राहणाऱ्या लेकुरवाळीची रात्र त्या बातमीत नसते. याच विंचुरात लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे, वाइन पार्क आहे, आणि बऱ्या घरांच्या कपाटांत वर्षानुवर्षं न घातलेले स्वेटर पडून आहेत. देण्याची इच्छाही आहे. प्रश्न येतो तो जागेचा.

इराणमधल्या मशहद शहरात 2015 च्या हिवाळ्यात भिंतीवर कपडे टांगायची कल्पना गाजली. ‘माणुसकीची भिंत’ म्हणून ती आपल्याकडेही गावोगावी आली. मनापासून सुरू झालेल्या या भिंतींचे पुढे अनेक ठिकाणी ढीग झाले. धूळ, पाऊस, बटण नसलेले शर्ट, जोडी हरवलेली चप्पल. शिवाय भर रस्त्यात चारचौघांसमोर कपडा उचलणं बाईमाणसाला किती जड जातं! भिंतीला निवड करता येत नाही, आडोसाही देता येत नाही. त्यासाठी खोलीच लागते.

अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत ‘गूंज’ सुरू केली. 2015 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे निवडीची जागा. आलेला कपडा तिथे तपासला जातो, लहान-मोठा वेगळा होतो, घालण्याजोग्या न उरलेल्या सुती कापडाचे पॅड शिवले जातात. गावकरी श्रमदानातून विहीर किंवा रस्ता करतात आणि कपडे त्या कामाचा मोबदला म्हणून घेतात. कुणी कुणापुढे हात पसरत नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

अन्नाचंही तसंच. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल झाडांवर राहून गेलेली फळं गोळा करून अन्नछत्राला देत. माल वाढला, ठेवायचा कुठे? सेंट मेरीज चर्चने एक बंद पडलेली बेकरी दिली आणि तिथे 1967 मध्ये पहिली फूड बँक उभी राहिली. आपल्या शेजारी शिर्डीचं उदाहरण आहेच. साईसंस्थानचं प्रसादालय मोठ्या नव्या इमारतीत गेलं. 2009 मध्ये तिच्या छतावर 73 सौर तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर भात-वरण शिजू लागलं. मोठ्या कामाला जागाही मोठीच लागते.

विंचूरसारख्या गावाला एवढा डोलारा नको. मुख्य रस्त्यालगत, पायऱ्या नसलेला, कोरडा गाळा पुरे. धान्याची पोती भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी फळ्यांवर. डाळ आधी आलेली आधी जाईल अशी मांडणी. कपड्यांसाठी दोऱ्या, आरसा आणि पडद्याआड घालून बघायला कोपरा. कपड्याला पाच-दहा रुपये किंमत ठेवावी. बॉस्टनमध्ये 1902 साली एडगर हेल्म्स यांनी ‘गुडविल’ची सुरुवात केली तेव्हा जुने कपडे दुरुस्त करून ते अल्प दरात विकण्याचीच पद्धत ठेवली, आणि दुरुस्तीचं काम गरजूंनाच दिलं. आपल्या शिवभोजन थाळीलाही 2020 मध्ये दहा रुपये होतेच. शिधा मात्र फुकट असावा.

आणि दार संध्याकाळी सातनंतर उघडं हवं. दिवसभर बागेत राबणाऱ्या बाईला सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ काय कामाची?