चाळीस हजार विटा

फोटोत एका शाळेचे पत्रे उडालेले दिसत होते, पण माझी नजर अडकली ती भिंतीच्या पायथ्याशी पडलेल्या भगदाडावर. पक्क्या विटांची भिंत खालून अशी पोखरली कशी जाते, या प्रश्नापायी मी आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिण भागात, झोंबा जिल्ह्यात पोचलो. मार्च २०२३ च्या फ्रेडी चक्रीवादळाचा या भागाला मोठा तडाखा बसला होता. भिंतीला हात लावला आणि उत्तर मिळालं. विटा भाजलेल्या होत्या, पण जोडलेल्या चिखलात. भिंत बांधली तेव्हा सिमेंट परवडलं नव्हतं.

मलावीनं १९९४ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली आणि विद्यार्थी सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेले. एवढ्या मुलांना पुरतील इतक्या खोल्या आणायच्या कुठून? पहिलीच्या वर्गात शंभरावर मुलं, काही वर्ग झाडाखाली, हे तिथं आजही नवल नाही. नवी खोली बांधायची तर गावाचा वाटा ठरलेला असतो: विटा, वाळू, पाणी आणि अंगमेहनत.

"दोन वर्गांना चाळीस हजार विटा," शाळेच्या नव्या खोल्या बांधणारा गवंडी म्हणाला.

त्यातल्या बऱ्याच एका बाईच्या हातून गेल्या असणार. पाठीला बाळ बांधलेलं. ओल्या लाकडी साच्यात ती वाळू भुरभुरवायची, चिखलाचा गोळा जोरानं आपटायची, कोपऱ्यांत अंगठ्यानं दाबायची आणि साचा जमिनीवर उलटा करून अलगद उचलायची. वीट सुटायची, तिच्यावर अंगठ्याची खूण तशीच. पाणी संपलं की रंगीत कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवून ती बादली घेऊन निघायची. कुणी मजुरी देत नव्हतं. तिची दोन मुलं याच शाळेत होती.

मग विटा वाळवणं, रचणं, भट्टी लिंपणं. भट्टी पेटली की धूर दिवसेंदिवस गावावर रेंगाळतो. माझ्या कपड्यांतून तो वास लवकर गेला नाही. चाळीस हजार विटा भाजायला लागणारं लाकूड आसपासच्या टेकड्यांवरूनच येतं. टेकडी बोडकी झाली की पावसाचं पाणी अडत नाही, सरळ खाली येतं. सिमेंट मिसळून दाबयंत्रावर काढलेल्या विटा भाजाव्या लागत नाहीत. म्हणजे पुन्हा अडतं ते सिमेंटपाशीच.

परदेशातून आलेले काही विद्यार्थीही तिथं राबत होते. उन्हानं लाल झालेले, हाताला फोड आलेले. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. मात्र ओळंबा कसा धरायचा हे त्यांना शिकवण्यात गवंड्याची सकाळ जात होती आणि तेवढा वेळ भिंत थांबून होती. विटा थापणाऱ्या बायकांना स्वयंसेवक म्हणताना मात्र मी कुणाला ऐकलं नाही. हे मला खटकलं, अजूनही खटकतं.

आपल्यापैकी कुणी अशा सेवेसाठी आफ्रिकेत जायचं ठरवत असेल, तर विमानाच्या तिकिटाच्या पैशांत सिमेंटच्या किती गोण्या येतात याचा हिशेब आधी करावा. आणि काय कमी पडतंय, हे त्या गावालाच विचारावं. या गावानं मला दोनच गोष्टी सांगितल्या: सिमेंट आणि गवंड्याची मजुरी.