गाठ मेली, पण जागेवरच आहे

यकृतातल्या गाठीवर सुईने उपचार होतात. महिन्याभराने सीटी स्कॅन काढला की डाग पूर्वीपेक्षा मोठा दिसतो आणि घरचे हादरतात. 'गाठ वाढली' असे वाटणे स्वाभाविक आहे, पण केवळ आकारावरून तसे ठरत नाही.

अब्लेशनमध्ये (गाठ कापून न काढता जागच्या जागी नष्ट करणे) सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधाराने त्वचेतून बारीक सुई गाठीत नेतात. सुईच्या टोकाभोवती विद्युतप्रवाहाने किंवा मायक्रोवेव्हने उष्णता निर्माण करतात. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की पेशींतली प्रथिने गोठतात आणि पेशी जवळपास लगेच मरतात. अंडे उकडल्यावर कवचातच राहते, पण आतला पांढरा भाग पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे.

मेलेला भाग शरीर सावकाश, कित्येक महिने शोषत राहते. शिवाय गाठीभोवतीची ५ ते १० मिलिमीटरची निरोगी कडाही मुद्दाम जाळतात, कारण तिथे स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या कर्कपेशी असू शकतात. डाग मोठा दिसतो तो त्यामुळे. अहवालात खरे पाहायचे ते हे, की कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेले, रक्तपुरवठा दाखवणारे द्रव्य) डागात शिरते का. मेलेल्या भागात ते जात नाही. कडेला एकाच बाजूला जाडसर, गाठीसारखी चकाकी दिसली, तर मात्र अंश शिल्लक असल्याची शंका घ्यावी लागते. ३ सेंटिमीटरहून मोठ्या किंवा मोठ्या रक्तवाहिनीला लागून असलेल्या गाठींत हे अधिक घडते. वाहते रक्त उष्णता ओढून नेते. अशा वेळी अनेकदा त्याच जागी पुन्हा अब्लेशन करता येते.