आधी पाण्याला वाट, मग गाडीला

देवगाव रंगारीच्या शिवारात पाऊस लागला की आठवड्याभरात दिसतं, कुणाच्या वावराला रस्ता आहे आणि कुणाच्या नाही. ज्याला रस्ता आहे त्याचा ट्रॅक्टर खताच्या गोण्या थेट धुऱ्यापर्यंत नेतो. ज्याला नाही तो त्याच गोण्या डोक्यावर घेऊन चिखल तुडवत जातो. कन्नड तालुक्याचा हा भाग कापूस, मका, कांदा आणि अद्रकीचा. अद्रक काढायला आली की व्यापारी पिकअप घेऊन येतो. गाडी वावराजवळ लागत नसेल तर तो भाव पाडून मागतो, नाहीतर पुढच्या शेतकऱ्याकडे जातो. वस्तीवरची पोरं चपला हातात घेऊन शाळेची वाट धरतात. आजारी माणसाला खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत आणावं लागतं. रस्ता नसण्याची किंमत इथं प्रत्येक घर मोजतं.

म्हणून शिवरस्त्याचं काम निघालं की गाव जमतं. जमिनीची मोजणी, झाडोरा काढणं, मुरूम पसरणं, रोलर फिरवणं आणि मग पहिल्या पावसात त्या कामाची होणारी परीक्षा, हे सगळं मी इथं जवळून पाहिलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. सगळ्यांच्या मालकीची वाट मुरमाच्या ढिगावर टिकत नाही. तिच्यावरचं पाणी वेळेवर बाहेर काढलं आणि तिच्यावरून जाणाऱ्यांनी एकमेकांना वाट दिली, तरच ती टिकते.

शिवरस्ता मुळात असतोच. दोन गावांच्या किंवा दोन गटांच्या शिवेवरून गाड्या-बैलांची जुनी वहिवाट असते. गावनकाशा उलगडला की ती दिसते. दोन तुटक रेषांनी दाखवलेला तो गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकाच तुटक रेषेची ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. जमिनीवर मात्र त्या एकवीस फुटांचे सहा-सात फूट उरलेले असतात. हे एका रात्रीत घडत नाही. दरवर्षी नांगरताना एक तास आत सरकतं. इकडच्याचं सरकलं म्हणून तिकडचाही सरकवतो. मधे बोरी, हिवर आणि वेडी बाभूळ माजते. दहा-पंधरा वर्षांत नकाशावरच्या रस्त्यावर कपाशी उभी राहते, आणि ती लावणाऱ्याला ती आपलीच जमीन वाटू लागते.

पहिलं काम असतं कागदाचं. असलेला रस्ता कुणी अडवला असेल तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि ही मुदत पुष्कळांना ठाऊक नसते. रस्ताच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. त्याखाली तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याचा हक्क देऊ शकतो. तो देताना शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान कसं होईल, हे पाहावं लागतं. निधीसाठी राज्याने २०१८ मध्ये पालकमंत्री शेत-पाणंद रस्ते योजना आणली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी, असं ठरवलं. ही नोंद फार मोलाची आहे. आज तोंडी मिळालेली वाट उद्या जमीन विकली गेली की बंद होते. कागदावर चढलेली वाट जमिनीच्या नव्या मालकालाही मानावी लागते.

मोजणीच्या दिवशी शिवारात शंभर नजरा एका खुंटीवर असतात. भूकरमापक आधी जुना हद्दीचा दगड शोधतो. तो बहुतेक वेळा मातीत गाडला गेलेला असतो, कधी जागेवरून हललेला असतो. एखादे म्हातारे बाबा काठीने जागा दाखवतात, कुदळीचे दोन घाव पडतात आणि दगडाचं डोकं दिसतं. मग मोजमाप घेऊन दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या जातात आणि चुन्याची फक्की पडते. ती फक्की उभ्या पिकातून गेली की आवाज चढतात. अशा वेळी मंडळ अधिकाऱ्याच्या आवाजापेक्षा शेजारच्या वावरातल्या माणसाचं बोलणं जास्त कामाला येतं. “अण्णा, कापूस वेचून घ्या. पऱ्हाटी उपटली की मग मशीन लावू,” असं कुणीतरी म्हणतं. पिकाला दिलेल्या त्या मुदतीने निम्मं भांडण तिथंच मिटतं. पोलीस बंदोबस्तात उघडलेला रस्ता आणि असा समजुतीने उघडलेला रस्ता, दोन्ही नकाशावर सारखेच दिसतात. पहिला मात्र दोन पावसाळ्यांत पुन्हा आक्रसतो.

खरी कसोटी लागते ती मातीशी. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर नुसता मुरूम टाकला तर पहिल्याच पावसात ट्रॅक्टरचं चाक मुरूम खाली आणि चिखल वर करतं. म्हणून जेसीबीने आधी वरची काळी माती खरवडून काढायची. ती शेजारच्या वावरांत टाकली की शेतकरी खूश होतो आणि रस्त्यालाही घट्ट तळ मिळतो. काढताना एक पथ्य पाळायचं. कडुनिंब आणि जुनी बोर वाचवायची, वेडी बाभूळ मुळासकट उपटायची. बैल सोडायला, न्याहारीला बसायला सावली लागते, आणि झाडाची मुळं रस्त्याची कड धरून ठेवतात.

मग मुरूम. इथला मुरूम म्हणजे झिजलेला, भुसभुशीत झालेला काळा पाषाण. तो पसरल्यावर पाणी मारायचं, आणि किती मारायचं ते हात सांगतो. मूठभर मुरूम घट्ट दाबायचा. त्याचा गोळा व्हायला हवा, पण तळहाताला ओल लागता कामा नये. गोळा फुटला तर पाणी कमी पडलं, हात भिजला तर जास्त झालं. रोलर कडेकडून मध्याकडे आणायचा, म्हणजे मुरूम बाहेर न पसरता आत दाबला जातो. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर उंच ठेवायचा. डोळ्याला हा उंचवटा जेमतेम जाणवतो. पाण्याला तो पुरतो.

कामावर रोज येऊन बसणारे एक बाबा हे सगळं एका वाक्यात सांगायचे. “आधी पाण्याला वाट द्या, मग गाडीला.” वाद होतो तो इथंच. शिवार उताराचं असतं, पाणी नाल्याकडे धावतं आणि रस्ता त्याच्या आडवा येतो. वरच्या अंगाला चारी काढली तर ते पाणी कुठं सोडायचं? नळी टाकली तर ती कुणाच्या वावरात उघडणार? खालचा शेतकरी म्हणतो, माझी माती वाहून जाईल. त्याचं म्हणणं खोटं नसतं. मी पाहिलेला सर्वांत चांगला तोडगा साधा होता. रस्ता होण्याआधी पाणी जिथून उतरत होतं, नेमकी तिथंच नळी बसवली. नळीच्या तोंडाशी दगड रचले, म्हणजे धारेचा जोर तिथंच मोडतो. पहिला मोठा पाऊस झाल्यावर दोन्ही शेतकरी आपापल्या धुऱ्यावर उभं राहून ती धार पाहत होते. दगडांवरून पसरून पाणी हळू झालं आणि जुन्या ओघळीला लागलं. त्यानंतर त्या नळीवरून वाद ऐकू आला नाही.

डोंगरावर सायकलच्या वाटा बांधणारे लोकही जगभर हेच करतात. माउंटन बाइकिंगचा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात, माउंट टॅमलपाईसच्या परिसरात वाढला. जुन्या, दणकट सायकली घेऊन पोरं मातीच्या उतारांवरून सुसाट खाली यायची. त्याच वाटांवर पायी फिरणारे होते, घोडेस्वार होते. तंटे झाले आणि पुष्कळ वाटा सायकलींना बंद झाल्या. त्या धड्यातून १९८८ मध्ये इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन उभी राहिली. या मंडळींनी वाट बांधण्याचे जे ठोकताळे रूढ केले ते आपल्या शिवाराला सहज कळतील असे आहेत. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. तो जास्त झाला की पाणी वाट ओलांडण्याऐवजी वाटेवरूनच धावतं. चढ सरासरी दहा टक्क्यांच्या आत राहावा. वाटेची बाहेरची कड किंचित खाली असावी. थोड्या थोड्या अंतरावर वाट जराशी उतरवून पुन्हा चढवावी, म्हणजे पाणी त्या खोलगटातून बाजूला जातं. आणि सपाट जमिनीत वाट खोल खणू नये, नाहीतर तिचा ओढा होतो. खोल गेलेल्या शिवरस्त्यांचा पावसाळ्यात ओढा होतो, तो याच कारणाने.

संभाजीनगराहून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ या बाजूला सायकलस्वार आता नेहमी दिसतात. जाड टायरच्या सायकलींवाले डांबर सोडून शेताच्या वाटेलाही वळतात. त्यांचं स्वागतच व्हायला हवं. पण सार्वजनिक जमीन म्हणजे बेवारस जमीन, असा समज कुणी करू नये. गायरान गावाच्या गुरांचं असतं. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात बजावलं आहे. कन्नडच्या उत्तरेला गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते १९८६ मध्ये जाहीर झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथं परवानगीशिवाय जाता येत नाही, मग फावडं घेऊन नवी वाट पाडणं तर दूरच. जंगलात नवी वाट पडली की तिच्यामागे गुरं जातात, कुऱ्हाड जाते, प्लास्टिक जातं. ज्यांना डोंगरात सायकल चालवायची आहे त्यांनी वन विभागाशी आणि गावाशी आधी बोलावं, आणि असलेल्याच वाटांची डागडुजी करायला हात लावावा.

वाट वाटून कशी घ्यायची, हे शिवारात बहुतेकांना अंगवळणी पडलेलं असतं. भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीने जागा द्यायची. उसाची भरलेली ट्रॉली चढावर थांबली तर पुन्हा हलत नाही, म्हणून समोरचा रिकामा ट्रॅक्टर मुकाट मागे जातो. जगभरचे डोंगर-सायकलस्वारही हेच मानतात. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, आणि सायकलने पायी चालणाऱ्याला व घोड्याला. आपल्याकडे घोड्याच्या जागी बैल आणि मेंढरं आहेत. सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे ती मागून अचानक आली तर बैल बुजतो आणि गाडी धुऱ्यावर चढते. लांबूनच हाक द्यावी, “दादा, मागून सायकल येतेय.” धनगराचा कळप समोर आला तर उतरून कडेला उभं राहावं. कळपात सायकल घातली की मेंढरं दोन्हीकडच्या पिकात घुसतात, आणि नुकसानीचा बोल बिचाऱ्या धनगराला लागतो.

पावसानंतरचा नियम सर्वांत कडक असावा. शेतात वापसा येईपर्यंत शेतकरी औत घालत नाही, कारण ओल्या मातीत पाय पडला की ती दबते आणि वाळल्यावर दगड होते. मातीच्या वाटेलाही तेच लागू आहे. ओल्या वाटेवर एका चाकाने पाडलेल्या चाकोरीत पुढचा पाऊस साठतो, दुसरं चाक ती खोल करतं आणि महिन्याभरात तिची नाली होते. शेतकऱ्याला पोटासाठी ओल्यातही जावं लागतं. हौसेने सायकल चालवणाऱ्याला तसं जावं लागत नाही. वापसा येईपर्यंत त्याने डांबरावरच राहावं.

शेतकऱ्यांनाही काही पथ्यं पाळायची आहेत. पऱ्हाटी, मक्याची धाटं, तण आणि दगडगोटे उचलून रस्त्यावर टाकणं बंद व्हायला हवं. पाइपलाइन रस्ता कापून न्यायची तर ती खोल गाडून वरचा मुरूम पुन्हा दाबून द्यावा. आणि चारीत माती लोटून दोन सऱ्या वाढवण्याचा मोह आवरावा. चारी बुजली की रस्ता गेला, मग मुरूम कितीही टाका.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायामाणसांनी घमेली वाहून, खडी फोडून किती तरी रस्ते उभे केले. आज यंत्रं आहेत, निधीच्या योजना आहेत, कायदाही बाजूने आहे. उणीव आहे ती नंतरच्या देखभालीची. रस्त्याच्या उद्घाटनाला गर्दी होते, चारी उपसायला कुणी येत नाही. माझी देवगावच्या आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना विनंती आहे. दरवर्षी मृगाच्या आधी एक दिवस ठरवा. प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक फावडं घेऊन आपापल्या शिवरस्त्याच्या चाऱ्या उघडा, नळ्यांची तोंडं साफ करा. शहरातून सायकल घेऊन येणाऱ्यांनाही त्या दिवशी बोलवा. त्या वाटेचा आनंद ते घेतात, तर घमेलं उचलायलाही त्यांनी यावं. आणि रस्त्याची नोंद अजून सातबाऱ्यावर चढली नसेल तर तहसीलदाराकडे अर्ज करायला उशीर करू नका.